तिसरं पोर कोणाचं

सकाळपासून हवा अशी दमट, की कापूस हातात घेतला तर भिजलेल्या मांजरासारखा जड लागत होता. अशा हवेत गादीवालीचं डोकं फिरायचं. पिंजलेला कापूस फुलायचं नाव घेईना, खोळीत भरावा तर गोळे होत होते. पण गिऱ्हाइकाला संध्याकाळी गादी द्यायची होती. ती पदर खोचून, खोळीत खांद्यापर्यंत हात घालून कोपरे भरत बसली होती.

तेवढ्यात शेजारचा सायकलवाला पंक्चर काढता काढता ओरडला, "ऐकलं का वहिनी? दोन पोरांची अट उठली! आता सरकारी नोकरांनाही तीन पोरं चालतात म्हणे. आमच्या हिला सांगितलं, तर म्हणते, सरकारला म्हणावं तिसरं तूच सांभाळ!"

गल्लीत हशा पिकला. गादीवालीही हसली. पण तिचा हात खोळीत होता तिथंच राहिला.

तिची लेक भिंगरी तिच्या पोटची नव्हती. ते ठाऊक होतं तिला, तिच्या नवऱ्याला आणि थोरल्या बहिणीच्या घरात. ताई सरकारी नोकर, नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन पोरं, आणि घर सगळं तिच्या पगारावर. तिसरं झालं की नोकरी जाणार. दिवस गेल्याचं कळलं तेही फार उशिरा. मग ती मोठी रजा टाकून धाकटीच्या तेव्हाच्या गावी गेली, तिथंच बाळंत झाली, पोर धाकटीच्या नावावर लावली आणि दुधानं ठणकणारी छाती बांधून कामावर रुजू झाली.

तेव्हा गादीवालीनं सरकारच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. लोकांच्या घरातली डोकी मोजणारे हे कोण टिकोजीराव? पण त्याच कायद्यानं तर तिच्या पदरात पोर टाकलं होतं, इतक्या वर्षांच्या औषधपाण्यानं जे जमलं नव्हतं ते. शिव्या द्यायला तोंड उघडावं, तर भिंगरी गळ्यात पडायची. शिवाय आपण सात भावंडं एका गादीवर झोपायचो, कडेचा कायम फरशीवर, हेही ती विसरली नव्हती. आईला कोणी वेळीच पुरे म्हणालं असतं तर? पण मग ती स्वतः पाचवी, जन्मलीच नसती! कुठून विचार करायला घ्यावा तेच कळेना.

दुपारी ताई दारात उभी. कामाच्या दिवशी.

"आज सुट्टी?"

"टाकली." ताई कापसाच्या ढिगाशेजारी टेकली. "ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"न्यायला आले तिला. म्हणजे... बसमध्ये बसेपर्यंत नक्की होतं माझं."

"आणि आता?"

"तूच सांग. माझ्यावर अन्याय झाला होता की नाही? तूच म्हणायचीस. मग आता तो कायदाच गेला, तर पोर माझी मला नको मिळायला?"

गादीवालीला ते पटलं. पटलं म्हणूनच तिनं खोळीत मुठीनं कापूस कोंबला.

"अन्याय सरकारनं केला ताई. भरपाई माझ्याकडून घेतेस?"

ताई पदराला चिकटलेला कापूस वेचत राहिली. मग म्हणाली, "पोरीलाच विचारू?"

"वेडी का तू? सहा वर्षांच्या पोरीला काय विचारणार? आई निवड?"

"मग कोणाला विचारू?"



तेवढ्यात शाळा सुटून भिंगरी आली. दप्तर फेकून तिनं ताईच्या मांडीवर बूड टेकलं. "मावशी, तू किती दिवस राहणार?"

ताईचा हात तिच्या केसांवर गेला, तिथंच थबकला. "आजच्या आज जायचंय गं." मग धाकटीकडे न बघता म्हणाली, "पुढच्या सुट्टीत पाठवशील हिला? दोन दिवस."

"दोनच ना?"

"आत्ता तरी दोनच."

"पाठवीन," गादीवाली म्हणाली. म्हटल्यावर तिला कळेना, आपण पोर राखली की द्यायला सुरुवात केली.

ताई गेली. भिंगरी विचारत होती, मावशीकडे झोपाळा आहे का, कुत्रा आहे का. गादीवालीनं हूं हूं केलं, खोळीचं तोंड जुळवलं, दाभणात दोरा ओवला आणि पहिला टाका घातला.