मालकांची काठी

गावावर एवढा जीव आणि गावात पाय म्हणून ठेवायचा नाही, असा माणूस आमच्या मालगुजारांखेरीज अख्ख्या तापीकाठी दुसरा झाला नसेल. दापोऱ्याकडची दोन गावं त्यांची, मुक्काम मात्र बारा महिने नागपुरात. इकडची धूळ म्हणे घशाला सोसत नसे. पण गावाला आपली उणीव भासू द्यायची नाही, हा बाणा! म्हणून त्यांनी आपली चांदीच्या मुठीची काठी दापोऱ्याच्या कचेरीत पाठवून दिली होती. ती गादीवर लोडाला टेकून बसायची. बसायची म्हणतो, कारण तिला 'ठेवली' म्हणायची कुणाची छाती नव्हती. लग्नाची अक्षत काठीला, पोळ्याचा मान काठीला, केळीचा पहिला घड काठीपुढे. एका पंगतीत तर किसनदादा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तिला आग्रह करकरून जिलबी वाढली. ती माझ्या वडिलांनी खाल्ली. ते मालकांचे दिवाणजी, त्यांना खावीच लागली.

पुढे राजेरजवाड्यांची राज्यं विलीन झाली, पाठोपाठ मालगुजारीही गेली आणि पहिली निवडणूक आली. मालक आमदारकीला उभे राहिले. गेलेला मान त्यांना लोकांच्या हातून परत हवा होता. त्या एका इच्छेनं त्यांची झोप उडाली होती. आणि प्रचाराला कोण आलं? काठी. गळ्यात हार घालून, बैलगाडीतून.

त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, आपल्या माणसाच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. मालक थोडक्यात पडले. दापोऱ्यातून तर त्यांच्या पेटीत जवळजवळ काहीच निघालं नाही. मालक संतापले आणि कित्येक वर्षांनी तडक गावात आले. वडिलांनी कचेरीचं दार उघडलं. गादीवर काठी, आणि तिच्यापुढे मतांच्या चिठ्ठ्यांचा ढीग, वर हळदकुंकू. मतदानाच्या खोलीतून लोकांनी त्या कनवटीला खोचून आणल्या होत्या.

"मालक, मत तुमचं," किसनदादा म्हणाला. "ते सरकारच्या डब्यात कशाला टाकू? तुमच्यासमोर आणून ठेवलं ना."

मालक मटकन खाली बसले आणि हसत सुटले. डोळ्यांतून पाणी आलं ते हसण्याचंच, असं वडील शेवटपर्यंत सांगत. मला नाही पटत.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीचं लग्न निघालं. वडिलांनी रीतीप्रमाणे काठीला अक्षत दिली, आणि आले मालक स्वतः, रिकाम्या हातानं. पंगतीत बसले, घामाघूम झाले. गाव बावरून गेलं. मुजरा करायची सवय ती काठीला. या घाम पुसणाऱ्या म्हाताऱ्याशी कसं वागावं, कुणालाच उमजेना. शेवटी किसनदादानं पुढे होऊन त्यांच्या पानात जिलबी वाढली, आणि त्याच्या तोंडाकडे बघत मालकांनी ती सावकाश खाल्ली.