अलसीदमामाच्या खुणा आणि ओदीलचं अपडेट

तर ओदील धक्क्याकडं पळाली ती एका पायात गमबूट आणि दुसऱ्या पायात घरातली सपात घालून. कानाला फोन, फोनवर मामाची रिंग वाजतेय, आणि मामा काही उचलत नाही. उचलणार कसा? मामाचा फोन त्या घडीला कँटीनवाल्या झेनोबीच्या हातात होता, आणि झेनोबीच्या हातात फोन गेला की काय होतं हे साऱ्या पेतित-आँस बंदराला माहीत होतं. म्हणूनच तर ती पळत होती.

पण ही ओदील कोण, ते आधी सांगायला हवं. लेआँद्र स्युरेतची धाकटी मुलगी. बाप शेवंडीची बोट चालवायचा, आजा चालवायचा, आणि ही मात्र पहिल्यापासून चुळबुळी. जेवायला बसली की टेबलाखाली पाय हलतोय. चर्चमध्ये बसली की बाकाचा खिळा उपसतेय. एकदा फादरांनी प्रवचन थांबवून विचारलं होतं, "ओदील, तू बाक दुरुस्त करतेस की मोडतेस?" तर म्हणाली, "ते झाल्यावर कळेल, फादर." सगळं चर्च हसलं. पुढं ती हॅलिफॅक्स शहरात कॉम्प्युटरचं शिकली, तिथंच नोकरीला लागली. पण खिडकीतून पाणी दिसेना, म्हणून एक दिवस सामान बांधून परत आली आणि बापाच्या शेडच्या माळ्यावर, शेवंड धरायचे पिंजरे आणि दोरखंडांच्या मधोमध टेबल टाकून बसली. तिथं तिनं एक ॲप बनवलं. त्याला नाव होतं काहीतरी, पण धक्क्यावर सगळे म्हणायचे ओदीलचं ॲप.

या ॲपचं काम एकच, खुणा सांभाळायच्या. समुद्र केवढा, आणि शेवंड लपते कुठल्या तरी एका खडकाच्या बेचक्यात. तो खडक जिथं आहे ती जागा, तिचे नकाशातले आकडे, म्हणजे खूण. बापाची खूण मुलाला मिळते, आणि तीही बाप म्हातारा झाल्यावर. शेजाऱ्याला खूण कळणं म्हणजे घरात चोर शिरणं. ओदीलचा मामा अलसीद तर कागदावरसुद्धा काही लिहायचा नाही. म्हणायचा, "कागद बायको वाचते. बायकोनं वाचलं की तिची बहीण वाचते. आणि तिची बहीण दिलीय लेओंसच्या घरात."

हा लेओंस म्हणजे मामाचा साडू. दोघांच्या बोटी धक्क्याला शेजारी शेजारी बांधलेल्या, आणि दोघांत बोलणं कित्येक वर्षं बंद. का बंद, ते दोघांच्या बायकांनाही धड सांगता यायचं नाही.

अशा लोकांनी ॲप घ्यावं म्हणून ओदीलनं शब्द दिला होता, की खुणा ज्याच्या त्याच्या फोनातच राहतील. प्रत कुठंही जाणार नाही, माझ्याकडंसुद्धा नाही. हा शब्द दिला नसता तर एकानंही ते घेतलं नसतं. गेल्या हिवाळ्यात मामाच्या बोटीवरचं खुणा साठवणारं जुनं यंत्र खारं पाणी जाऊन मरायला टेकलं, तेव्हा ते पुरतं बंद पडायच्या आत ओदीलनंच शेजारी बसून त्यातल्या साऱ्या खुणा फोनात भरून दिल्या. भरताना मामा म्हणत होता, "आकडे टाक, पण बघू नकोस."

आता ती पळाली त्या रविवारचं. दुसऱ्या दिवशी हंगाम उघडणार होता, त्याला इथं डंपिंग डे म्हणतात. पहाटे साऱ्या बोटी पिंजऱ्यांचे डोंगर रचून एकदम सुटतात, फादर आशीर्वाद देतात, बायका थर्मास घेऊन थंडीत उभ्या राहतात. पहिल्या दिवशी चांगली जागा हुकली की ती जागा हंगामभर दुसऱ्याची. अशा दिवसाच्या आदल्या दुपारी शहाण्या माणसानं ॲपला हात लावावा का? पण ओदीलनं नवं रूप तयार केलं होतं, वाऱ्याचा अंदाज दाखवणारं, आणि तयार झालेली वस्तू टेबलावर ठेवून गप्प बसणं तिला जमायचं नाही. स्वतःच्या फोनवर बघितलं, छान चाललं. बटण दाबलं. अपडेट सुटलं.

पहिला फोन आला तेव्हा ती ब्रेडला मोलॅसिसची काळी काकवी लावत होती. "ओदील, माझा समुद्र कोरा झालाय."

लगेच दुसरा. तोही म्हाताराच. तिनं ब्रेड बाजूला सारला आणि चूक शोधून काढली. तरण्या पोरांच्या खुणा उपग्रहाच्या मापात. म्हाताऱ्यांच्या मात्र जुन्या रेडिओ मनोऱ्यांच्या मापातले आकडे, मनोरे बंद पडून जमाना झाला तरी तेच. आणि नवं रूप करताना ते जुनं माप हिनं अडगळ म्हणून काढून टाकलं होतं. खुणा फोनात होत्या, पण नव्या ॲपला त्या वाचता येत नव्हत्या.

तिनं अपडेट थांबवलं. पण थांबवलं म्हणजे ज्यांना पोचलं नव्हतं त्यांचंच थांबलं. पोचलेलं परत ओढून घेता येत नाही. सोडायचं तिच्या हातात, माघारी बोलवायचं नाही. मग तिनं जुनं माप पुन्हा आत घातलं आणि दुरुस्त रूप पाठवलं. आता ॲप स्टोअरवाले ते तपासणार आणि मग सोडणार, आणि कधी सोडणार ते त्यांनाच ठाऊक. तोवर कोणी काही केलं नाही तर सगळं वाचणार होतं. फक्त कोणी ॲप काढून टाकायचं नव्हतं. ॲप गेलं की त्याच्या पोटातल्या खुणाही गेल्या, कायमच्या.

आणि इथं तिला झेनोबी आठवली. फोनचं काहीही दुखणं असो, झेनोबीकडं औषध एकच, काढायचं आणि परत टाकायचं. रविवारी दुपारी सारा धक्का तिच्या कँटीनमध्ये किसलेल्या बटाट्याची आणि कोंबडीची भाजलेली रापी खायला जमतो, आणि वायफायही तिथलंच.

ओदील आत शिरली तेव्हा गल्ल्याशेजारी फोनांची रांग लागली होती.

"झेनोबीमावशी, हात लावू नकोस. कोणाचं काढलंस?"

"काढलं काय म्हणतेस, बरं करतेय. आत्ताच सुरुवात केलीय. हा पहिला." झेनोबीनं फोन उंच धरला. "तुझ्या मामाचा."

ओदील खुर्चीत बसली आणि लगेच उठली. अलसीदमामानं रापीतला चमचा बाजूला ठेवला.

"कोरा तर मघाशीच झाला होता," तो म्हणाला.

"मघाशी नुसता कोरा दिसत होता मामा. आता खरंच कोरा आहे."

"बरं. मग परत आण."

"कुठून आणू? माझ्याकडं काही नाही. नको म्हणून तुम्हीच सांगितलंत."

"मी सांगितलं म्हणून ऐकायचं होय?" मामा म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. किनाऱ्याजवळच्या खुणा त्याला डोळे मिटून सापडतील. जिथं जमीन दिसेनाशी होते तिथल्या लांबच्या खुणा मात्र नुसते आकडे, आणि पहिल्या दिवशी तिथंच जायचं असतं.

"देवाकडं विचार, अलसीद," मागून कोणीतरी म्हणालं. "त्याच्याकडं प्रत असेल."

"देवाला सांगितल्या असत्या तर," मामा म्हणाला, "त्यानं त्या फादरला सांगितल्या असत्या."

हशा झाला, पण लगेच विझला. उद्या मामाची बोट भरून निघणार आणि पिंजरे कुठं टाकायचे हे मामाला माहीत नसणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

ओदीलला बसवेना. खिडकीशी जायची, फोन बघायची, परत गल्ल्याशी यायची. स्टोअरकडून काही नाही. झेनोबीनं तिच्यासमोर कॉफी ठेवली, ती गार झाली. दुसरी ठेवली, तीही गार झाली.

"पोरी, तू फेऱ्या मारून माझी फरशी झिजवतेस," झेनोबी म्हणाली.

"तू कोणाचं ॲप काढू नकोस, मी फरशी नवी घालून देते."

दिवेलागणीला दुरुस्त अपडेट सुटलं. एकेक फोन किणकिणला, एकेकाचा समुद्र पुन्हा ठिपक्यांनी भरला. माणसं फोन छातीशी धरून, पाठ फिरवून आपापल्या खुणा मोजू लागली. मामाच्या फोनवर मात्र निळं पाणी, दुसरं काही नाही.

कोपऱ्यात लेओंस बसला होता. तो मघापासून उठला नव्हता, घाबरला नव्हता, फोन कोणाला दिला नव्हता. ओदील त्याच्यापाशी गेली. "लेओंसकाका, तुमचं ठीक आहे ना?"

"मला काय धाड भरलीय? मी तुझं एकही अपडेट घेत नाही."

हे खरं होतं. त्याच्याकडं अजून अगदी पहिलं रूप होतं. ते म्युझियमला द्या म्हणून ओदील त्याला दर वेळी चिडवायची. आज ते सोडून "बघू?" म्हणून तिनं हात पुढं केला, तर लेओंसनं फोनवर ताटली पालथी घातली.

मग त्यानं मान वळवून मामाच्या कोऱ्या फोनाकडं बघितलं. शेवटी फोन काढून त्यानं टेबलावरून सरकवला, ओदीलकडं नाही, पलीकडच्या टेबलावर बसलेल्या साडूकडं.

मामानं चष्मा लावला. पडद्यावर खुणांची नावं होती. अलसीद लांबचा. अलसीद खडक. अलसीद वायव्येचा. अलसीद, बायकोशी भांडला त्या दिवशीचा.

झेनोबीनं कॉफीची किटली खाली ठेवली.

"हरामखोरा," मामा सावकाश म्हणाला. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि आता मला दाखवतोस?"

"मग काय करू? उद्या तू नुसताच गोल गोल फिरलास तर मी कोणाच्या मागं जाऊ?"

मामा एकेक खूण वाचत गेला. मध्येच थांबला. "ही चुकीची आहे. इथं मी कधी पिंजरा टाकत नाही."

"मे महिन्यात टाकलास. मी बघितलं."

"टाकला नव्हता. इंजिन बंद पडलं होतं, म्हणून थांबलो होतो."

"तरीच," लेओंस म्हणाला. "तिथं मला एक शेवंड मिळाली नाही."

पहिल्यांदा झेनोबी हसली, मग सगळे. ओदीलनं तिथंच बसून खुणा मामाच्या फोनात उतरवून दिल्या. या खेपेला मामानं बघू नकोस म्हटलं नाही. पहाटे दोन्ही बोटी एकामागोमाग सुटल्या, आणि लेओंसला आता अंतर ठेवून चोरून मागं यायची गरज राहिली नव्हती.

त्यानंतर ओदीलनं ॲप बदललं. अपडेट आता आपोआप खुणांना हात लावत नाही, आधी विचारतं, आता करू की बोट परतल्यावर. आणि खुणांची प्रत काढायचं बटण दिलं, प्रत कुठं ठेवायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. हे रूप तिनं पहिल्यांदा अलसीदमामाला आणि लेओंसला दाखवलं, महिनाभर शेडच्या माळ्यावर पडू दिलं, आणि मगच सोडलं. महिनाभर थांबायचं म्हणून तिनं दोनदा सारी शेड झाडून काढली.

एका संध्याकाळी मामा माळ्यावर चढून आला. दोरखंडावर बसला, टोपी काढली, परत घातली. जन्मभर स्वतःच्या सावलीलाही खूण न दाखवलेला माणूस, त्यानं फोन भाचीपुढं धरला आणि म्हणाला, "ते प्रतीचं बटण दाब. एक तुझ्याकडं ठेव."

ओदीलचा पाय टेबलाखाली हलत होता. तिनं फोन हातात घेतला, बघितला आणि परत दिला.

"माझ्याकडं कशाला मामा, लेओंसकाकांकडं आहे की. आणि ते माझ्यासारखं घाईनं काही काढून टाकत नाहीत."