तात्या नातूंनी कुत्र्याला काय शिकवलं

चौलच्या तात्या नातूंनी बत्तीस वर्षं मराठी शाळेत मास्तरकी केली. त्यांच्या हाताखालून गेलेला मुलगा आयुष्यात सगळं विसरला तरी पावकी-निमकी विसरत नसे. त्यांतला मी एक. पुढे मुंबईला जाऊन साहित्य घेऊन बी.ए. झालो, नोकरी मिळेना, म्हणून एकोणीसशे एकतीसच्या दिवाळीत घरी परत आलो. तात्या रस्त्यात भेटले. म्हणाले, "बरं झालं आलास. मला एक शिकलेला माणूस हवाच होता."

काम काय ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटलं, पत्रं लिहायची असतील.

तात्यांकडे भुंग्या नावाचा काळा कुत्रा होता. दोन वर्षांपूर्वी तो पिल्लू असताना त्यांची नात नलू त्याला परकराच्या ओच्यात घालून घेऊन आली होती. तात्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्यापासून त्या घरात तात्यांशी बोलणारे हे दोघेच. नलू सकाळी शाळेत जाई. मग एकटा भुंग्या उरे. तात्या त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत. तो ऐकत असे, असं तात्यांचं म्हणणं.

या भुंग्याला दोन खोडी होत्या. पळणाऱ्या पोराच्या तो मागे लागे. आणि रोज सकाळी आठ वाजता तो बापू रिसबुडांचं धोतर धरी.

बापू हे शेजारचे. अलिबागच्या कोर्टात नाझर होते, आता निवृत्त. त्यांच्या वाडीला रस्त्यावर उघडणारं स्वतःचं बेडं होतं, म्हणजे आडवे बांबू सरकवायचं फाटक. तरीही रोज आठला ते त्या बेड्याकडे पाठ करून तात्यांच्या सुपारीच्या वाडीत शिरत, पाटाच्या कडेने चालत पलीकडे निघत, आणि रस्त्याने वळसा घालून पुन्हा आपल्या घरी येत. एकोणीस वर्षं आणि चार महिने त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता. ताप असला तर कांबळं घेऊन येत.

"कशासाठी?" मी तात्यांना विचारलं.

"वहिवाट," तात्या म्हणाले. "वीस वर्षं सलग, उघडपणे, कोणाला न विचारता गेलं की वाटेवर हक्क होतो."

"पण त्यांना ती वाट लागत नाही."

"लागत नाही. म्हणून काय हक्क सोडायचा?" तात्यांनाही यात काही वावगं दिसत नव्हतं. वाट गेली तरी त्यांची हरकत नव्हती. कुत्रा जायला नको होता.

कारण बापूंनी लेखी नोटीस दिली होती. कुत्रा हा वाटेवरचा अडथळा आहे. अडथळा वर्षभर निमूट सोसला तर एकोणीस वर्षं पाण्यात जातील. तेव्हा पौष सुरू होईपर्यंत कुत्रा सुधारावा, नाहीतर गावाबाहेर जावा. तात्यांनी पोलीसपाटील भागोजी म्हात्र्यांसमोर शब्द दिला होता. सुधारला नाही तर भुंग्याला मचव्यात बसवून उरणला, भाच्याच्या मिठागरावर राखणीला धाडायचं. नलूने त्या दिवसापासून उरणचं मीठ घरात घेऊ दिलं नव्हतं.

"आठ वाजता पाच मिनिटं बांधून ठेवा की," मी म्हणालो. बी.ए. झालेल्या माणसाला हे सहज सुचतं.

तात्यांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "बापूंना विचार."

मी विचारलं. बापू ओटीवर पान जमवत होते.

"कुत्रा बांधला म्हणजे काय झालं? मी यावं म्हणून सोय केली. सोय केली म्हणजे परवानगी दिली. आणि परवानगीने गेलेल्या माणसाला हक्क कसला हो? त्यांनी कुत्रा बांधलेला मला चालणार नाही."

"मग त्यांनी काय करावं?"

"मोकळा ठेवावा. त्याने चावू नये."

हे सोपं वाटलं. तात्यांनी फळ्यावर वेळापत्रक लिहिलं. सकाळी उजळणी, दुपारी पोरं, संध्याकाळी परीक्षा. शिकवण्याची त्यांची पद्धत एकच होती, चुकलं तर पुन्हा. छडी मात्र त्यांनी काढली नाही. भुंग्या गप्प राहिला की बक्षीस, भुंकला की काही नाही. बक्षीस म्हणून गूळ दिला, त्याने हुंगून सोडला. भाकरी सोडली. वाडीत शिंपण्याला येणारी येसूबाई म्हणाली, "मास्तर, त्याला सुकट द्या. मंग बगा."

नातूंच्या सात पिढ्यांत कोणी मासळी घरात आणली नव्हती, सुकट तर लांबच. तात्यांनीही घरात आणली नाही. येसूबाईकडून मागवून डब्यात घातली आणि डबा दूर पेरूच्या झाडाला टांगला. प्रत्येक धड्यानंतर ते विहिरीवर अंघोळ करत. दिवसाला चार धडे होते. कार्तिकातली थंडी. आठवड्यात तात्यांना सर्दी झाली. भुंग्या ठणठणीत होता.

"मास्तर," येसूबाई म्हणाली, "शेरभर सुकट आठ दिसांत? कुत्र्याचं नाव सांगून तुमीच खाता का काय?"

"येसू, पाट बघ. पाणी फुटलंय."

"पाटाला काय व्हत न्हाय. तोंडाचा वास बगा."

माझं काम दुसऱ्या आठवड्यात कळलं. बापू दिवसातून एकदाच येत. एका वेळच्या सरावावर कुत्रा शिकणार कसा? तेव्हा इतर वेळी मी बापू व्हायचं. बापूंनी खळखळ न करता आपली जुनी छत्री, उपरणं आणि एक धोतर दिलं. कुंपणापलीकडे उभं राहून ते माझं चालणं तपासत.

"मी असा चालत नाही."

"कसे चालता?"

"हक्काने चालतो. तुम्ही चोरासारखे चालताय."

"भुंग्या धरतो हो."

"मलाही धरतो. मी खाली बघतो का? मान वर. खोकला कुठाय? पाटाशी आलो की मी खोकतो."

मी मान वर करून पाटाशी खोकलो. भुंग्याने धोतर धरलं. बापू म्हणाले, "आता जमलं."

मी शाकुंतलाचा अभ्यास केला होता. त्यात दुष्यंताला कुत्रा चावत नाही. असल्या प्रसंगी काय करावं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

पोरांचा धडा दुपारी असे. तात्यांनी कुत्र्याला शिकवायचं ठरवलं होतं, पण सवयीने ते पोरांनाच शिकवायला लागले. "कुत्रा पळत्याच्या मागे लागतो. तुम्ही पळताच का? तो आला की झाड व्हायचं. हात अंगाशी. ओरडायचं नाही. डोळ्यात बघायचं नाही. झाड कधी कुत्र्याच्या डोळ्यात बघतं का?"

"नाही गुरुजी."

"व्हा झाड."

बारा पोरं झाडं झाली. भुंग्याने एकेकाला हुंगलं, तिसऱ्या झाडापाशी पाय वर केला, आणि कंटाळून सावलीत जाऊन पडला. झाड हललं नाही. तात्यांनी त्या मुलाला सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

चार दिवसांत आळीत पळणं बंद झालं. भुंग्या दिसला की पोरं जिथल्या तिथे उभी राहत. बापूंचा नातू विहिरीवरून कळशी आणताना अर्धा तास झाड होऊन उभा राहिला. त्याच्या आईला वाटलं, भूतबाधा झाली. तिने मिरच्या उतरवल्या. येसूबाई म्हणाली, "कुत्रा शिकलाय का न्हाय, ठावं न्हाय. पोरं पार शिकलीत."

पण भुंग्याही शिकत होता. तिसऱ्या आठवड्यात त्याने मला सोडलं. दोन दिवसांनी बापूंनाही सोडलं. बापू येताच तो उठला, जवळ गेला, आणि शेपूट हलवू लागला. सुकटीची वेळ झाली, एवढंच त्याला कळत होतं. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सर्दीही होतीच.

बापू पलीकडे गेले, वळसा घालून घरी पोचले, आणि उपरणं बदलून रस्त्याने तात्यांच्या दारात आले. वाटेवरच्या गोष्टी ते वाटेवर बोलत नसत.

"हे चालणार नाही."

"काय चालणार नाही? चावला नाही."

"शेपूट हलवली."

"मग?"

"शेपूट हलवली म्हणजे स्वागत केलं. कुत्रा कोणाचा? तुमचा. म्हणजे स्वागत कोणाचं? उद्या कोर्टात तुमचा वकील उभा राहील, की वादीला रोज प्रेमाने आत घेत होते. काय उत्तर देऊ?"

"बापू, मी वकील देणारच नाही."

"तुम्ही नाही देणार. तुमचे वारस देतील." बापूंनी नलूकडे पाहिलं. नलू आठ वर्षांची होती. तिने जीभ दाखवली.

मला वाटलं, तात्या आता त्यांना घालवून देतील. तात्या विचार करत होते. हळूच म्हणाले, "म्हणजे त्याने चावायचं नाही आणि हलवायचंही नाही."

"बरोबर."

"उदासीन राहायचं."

"त्रयस्थासारखं."

"पौषाला किती दिवस आहेत?"

"नऊ."

तात्यांनी फळा पुसला.

त्या नऊ दिवसांत मी रोज चाळीस वेळा बापू झालो. भुंग्या भुंकला तर सुकट नाही, शेपूट हलली तर नाही. नुसता पडून राहिला तर मिळे, तीही मी दिसेनासा झाल्यावर. तात्या पेरूखाली बसून शेपटीकडे टक लावून बघत. "हलली?" "टोक हललं, तात्या." "मग पुन्हा." मी पुन्हा कुंपणाबाहेर जाई. छत्रीची एक काडी मोडली. माझ्या आईने विचारलं, तुला खोकला कधीपासून झाला?

सहाव्या दिवशी भुंग्याने माझ्याकडे पाहणं सोडलं. आठव्या दिवशी मी जवळून गेलो तरी तो डोळे मिटून पडला होता. मला जरा वाईट वाटलं. नलू त्याच्या कानात काहीतरी सांगत होती. काय सांगतेस, म्हणून विचारलं. म्हणाली, "उरण किती लांब आहे ते सांगितलंय."

मार्गशीर्षाच्या अमावास्येला परीक्षा होती. भागोजी पाटील साक्षीला आले. येसूबाई कामाला आली होती, ती काम सोडून उभी राहिली. पोरं कुंपणाला झाडं होऊन उभी. तात्या ओटीच्या पायरीवर. ते उपरण्याचं टोक पिळत होते. शाळेत इन्स्पेक्टर यायचे तेव्हाही पिळत, असं भागोजी माझ्या कानात म्हणाले.

आठ वाजले. बापू मान वर करून आत शिरले.

भुंग्या वाटेवर पडला होता. एका बाजूला भरून वाहणारा पाट, दुसऱ्या बाजूला करवंदीचं काटेरी कुंपण, मधली वाट दीड हाताची. त्या दीड हातात तो आडवा झोपला होता. बापू पाटाशी खोकले. भुंग्याने कान हलवला नाही. बापू त्याच्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबले.

भुंग्या चावला नाही. त्याने शेपूट हलवली नाही. तो कोणासाठीही उठणार नव्हता.

"पास," भागोजी म्हणाले.

"अडथळा आहे," बापू म्हणाले.

"अहो, तो काही करत नाही."

"करत नाही, हेच म्हणतो मी."

"मग ओलांडून जा."

बापू सदुसष्ट वर्षांचे होते. त्यांनी धोतर उचललं, एक पाय उचलला, छत्री टेकली, आणि पाय खाली ठेवला. पुन्हा उचलला. पाटात उतरावं तर गुडघाभर थंडगार पाणी. मागे फिरावं तर एकोणीस वर्षं आणि पाच महिन्यांनंतर पहिल्यांदाच वाट अर्धी सोडावी लागणार.

तात्या पायरीवरून हलले नाहीत. हाक मारली तर भुंग्या उठला असता. पण हाक मारणं म्हणजे सोय करणं. सोय म्हणजे परवानगी. तात्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकून धरलं होतं.

पाव तास गेला असेल. ऊन वर आलं. बापूंनी छत्रीवर दोन्ही हातांनी भार टाकला. मी पुढे होणार होतो, तात्यांनी डोळ्यांनी दटावलं.

मग बापू खाली बघत, कुत्र्याला सांगावं तसं म्हणाले, "तात्या, जाऊ द्या हो मला."

भागोजींना कायदा कळत होता. त्यांनी डोक्यावरचं पागोटं सारखं केलं.

तात्यांनी तोंडावरचे हात काढून कानांवर ठेवले. "काय म्हणालात? सर्दीने कान बसलेत. मला काहीच ऐकू आलं नाही, बापू."

बापूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आजोबा," नलू स्पष्ट आवाजात म्हणाली, "ते म्हणतायत, जाऊ द्या."

"ऐकू आलं नाही," तात्या ओरडले.

"आलं," बापू म्हणाले. "उगाच खोटं बोलू नका, साक्षीदार आहेत. मी विचारलं. कुत्र्याचा दोष नाही. त्याला ठरलं तेवढं येतंय. भागोजी, तो पास. राहू दे इथेच." आणि मग, "आता बोलवा त्याला. माझे पाय गेले."

तात्यांनी हाक मारली. भुंग्या उठला, आळोखेपिळोखे देत बाजूला झाला. बापू पलीकडे गेले. नलू भुंग्याच्या गळ्यात पडली. तात्या पायरीवर बसले आणि उपरण्याने नाक पुसत राहिले. पोरांना झाडाची माणसं व्हायला कोणी सांगितलं नाही. ती दुपारपर्यंत तशीच होती.

दुसऱ्या दिवशी आठला मी तात्यांकडे चहा घेत होतो. कुंपणाकडून छत्री टेकल्याचा आवाज आला. बापू मान वर करून आत आले. भुंग्या सावलीत पडून होता.

"बापू," मी ओटीवरून म्हणालो, "आता कशाला? कालच तर सगळं..."

"काल संपलं," बापू चालता चालता म्हणाले. "आज पहिला दिवस."

मी मनात हिशेब केला. वीस वर्षांनी ते सत्त्याऐंशीचे होणार होते. मी तात्यांकडे पाहिलं. तात्यांचा चेहरा उजळला होता. "या" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

बापूंनी छत्री वर केली. "बघायचं तर बघा. बोलू नका."

तात्यांनी तोंड मिटलं आणि बशीत चहा ओतला.