मी दिलंच नाही ते विरोधी मत

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही — आणि तिला तर माझ्या बहुतेक फजित्या जेवता जेवता सांगून झाल्यात. दिल्लीतल्या पहिल्याच दिवशी मी चुकीच्या दारानं शिरून पाहुण्यांच्या गॅलरीत बसलो आणि आपले लोक अजून का येत नाहीत म्हणून चिडत राहिलो, ही गोष्ट तर मी लग्नाच्या पंगतीत स्वतःहून सांगतो. लोक हसतात. मी जास्त हसतो. आपणच आधी हसून घेतलं की पुढचं कुणी विचारत नाही, हे मला फार लवकर कळलं.

राज्यसभेत मी एक मुदत काढली. कर्तबगारी काही नाही — पक्षातल्या दोन दांडग्यांची एका जागेवरून जुंपली, तिसरा निरुपद्रवी माणूस हवा होता, गुडीहत्नूरचा निवृत्त हेडमास्तर सापडला. मत देणं म्हणजे काय? पुढच्या बाकावरून खूण आली की बटण दाबायचं. त्या नोंदीत माझी एकही चूक सापडायची नाही. विद्यार्थी असताना मी इतका आज्ञाधारक कधीच नव्हतो!

पण ज्या मताबद्दल बोलायचंय, त्याची नोंदच नाही.

जंगलाची जमीन खाणीला देण्याचे नियम सोपे करणारं एक विधेयक येणार होतं. इंद्रवेल्लीच्या पुढच्या एका गावातून माणसं भेटायला आली. त्यांच्या चराईच्या रानावर सिमेंटच्या दगडासाठी एका कंपनीचा डोळा होता. त्यांच्यात कमल होती — अंगणवाडीतली मदतनीस, काही शेळ्यांची मालकीण, कधीकाळी माझ्याच वर्गात शिकलेली. म्हणाली, "सर, तुमी तिथं नाही म्हनसान नं?" मी छाती काढून सांगितलं, म्हणेन. का सांगितलं? समोर विद्यार्थिनी होती म्हणून. दुसरं कारण आठवत नाही.

त्या दिवशी विरोधक आरडाओरडा करून बाहेर निघून गेले. उरलो आम्हीच. आवाजी मतदान — बाजूनं असलेले 'हाँ' म्हणतात, विरोधातले 'ना' म्हणतात, कोण काय म्हणालं ते कुठे लिहीत नाहीत. मात्र एकानं जरी उठून मतविभाजन मागितलं असतं, तर नावानिशी नोंद झाली असती. तो एक — मीच होतो की नाही? उठलो का? गुडघे जरा हलले. 'हाँ'च्या वेळी पक्षाच्या माणसाला दिसावेत म्हणून ओठ हलवले. 'ना' विचारलं तेव्हा — काय सांगू — खोकलो. तेवढ्यात विधेयक मंजूर झालं. मग मी कॅन्टीनमध्ये जाऊन दहीभात खाल्ला. चांगला होता.

माझ्या एकट्याच्या 'ना'नं काही अडलं नसतं, हे खरं आहे. हे खरंसुद्धा मी पुष्कळ वर्षं वापरलं.

गावी आल्यावर कमलनं विचारलं, "म्हनले का सर?" आणि मी म्हणालो, "एकट्यानं म्हटलं. अख्खं सभागृह माझ्याकडे बघत होतं." एवढ्यावर थांबलो तर तो मी कसला! सभापतींचा चष्मा नाकावरून घसरला, हेही जोडून दिलं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. खोटं बोलताना मी इतका रंगात येतो की मलाच ते दिसायला लागतं.

वर्षभरानं खाणीला संमती द्यायची म्हणून कमलच्या गावात गावसभा भरली. माजी गुरुजी आणि आजी खासदार म्हणून मला खुर्ची. गाव एव्हाना वळलं होतं — कुणाला ट्रॅक्टर, कुणाच्या पोराला नोकरीचा शब्द. संमतीसाठी भराभर हात वर गेले. मग विरोधात कोण, असं नावापुरतं विचारलं, आणि एक हात वर आला. कमलचा.

तिचा दीर ओरडला, "खाली कर वं हात! येडी झाली काय?"

"काऊन करू? सर दिल्लीत एकटे उभे राह्यले, मी तं माह्या गावातच आहो."

असं म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. निदान तेव्हा तरी मी उठायला नको होतं का? एक वाक्य पुरलं असतं. मी चहावरची साय चमच्यानं बाजूला सारत बसलो. अगदी मन लावून.

तिला वाळीत टाकलं, असं गावात आजही कुणी म्हणणार नाही. फक्त गिरणीवाला तिचं दळण घेईना. अंगणवाडीतलं काम दुसऱ्या बाईला गेलं. शेळ्या सोडायला रान उरलं नाही. शेळ्या विकून ती मंचेरियलला मुलीकडे निघून गेली. जायच्या आधी भेटायला आली होती. माझ्या ओसरीवर बसून पाणी प्याली. दारं उघडी, घरात दुसरं कुणी नाही — सांगायला यापेक्षा बरी वेळ कुठली? मी तिला गॅलरीची गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली.

परवा मंचेरियलच्या स्टेशनावर ती दिसली. मी तोंड फिरवलं होतं, तिनंच हाक मारली — "जय भीम, सर!" थकली आहे. आवाजात राग म्हणून नाही. मुलीला सांगू लागली, "हेच थे आमचे सर. सगळ्या दिल्लीत एकटे नाही म्हनले होते." बाकावर जागा नव्हती. "ऊठ वं, सरांना बसू दे."

मुलगी उठली. मी बसलो.