भावपूर्ण

देवधरकाका सोसायटीच्या बागेत नवा सदरा घालून बसले होते आणि अंगठ्याने फोनवर टकटक करत होते. आज त्यांचा वाढदिवस. आमच्या ग्रुपवर सकाळी कोणीतरी ‘भावी आयुष्यासाठी शुभेच्छा’ लिहायला गेलं असणार. ‘भाव’ टाइप होताच पुढचं फोननेच पुरवलं आणि काकांच्या फोटोखाली झळकलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

एकाची चूक मी समजू शकते. पण खाली रांगच लागली! तेच शब्द, तेच जोडलेले हात. याच ग्रुपवर राजकारणावरून, सिनेमांवरून तावातावाने भांडणारी, मराठी मरतेय म्हणून गळे काढणारी ही माणसं. समोर राहणाऱ्या जिवंत माणसासाठी स्वतःचे चार शब्द लिहायचे म्हटले, की यांची बोटं दुखतात. भावसुद्धा आता फोननेच पुरवायचा, आणि तो कुठला हे बघायचीही तसदी नाही.

माझं डोकंच फिरलं होतं. मी काकांजवळ गेले.

“काका, तुम्हाला राग नाही आला?”

“कशाचा गं?” त्यांनी मान वर केली. “सगळ्यांना धन्यवाद पाठवतोय. एवढं वाचत कोण बसतंय?”