मूठभर कोंडा

आमची मुलगी गेली त्या दिवशी मी मिशनच्या शाळेत शिकवत होतो. घरी आलो तेव्हा बायको अंगणात बसली होती आणि पाळणा थांबला होता.

त्यानंतर मला प्रार्थना करता येईना. शब्द सारे पाठ होते. गुडघे टेकले की ते ओठांपर्यंत यायचे आणि तिथेच संपायचे. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई चालली होती आणि तिच्यापायी आमच्या अमरावतीत कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. दारावरून दिवसभर गाड्या जायच्या, बाभळींच्या काट्यांना कापूस लटकायचा. त्या भरभराटीत मला देव कुठे दिसत नव्हता.

एके सकाळी राधाबाई माळीण दारात आली. ती रोज वांगी, मेथी घेऊन यायची. त्या दिवशी तिच्या सुपात एक तान्ही मुलगी होती. तेल्हाऱ्याकडून मजुरीला आलेली तिची आई पटकीने गेली होती. बाप आधीच नव्हता. जात ठाऊक नाही म्हणून कोणी हात लावीना, तेव्हा राधाबाईनेच तिला आपल्या लेकराबरोबर अंगावर पाजून जगवलं होतं.

"मास्तर, मूठभर कोंडा द्या अन् पोरगी घ्या."

"आम्ही माणसं विकत घेत नाही," मी म्हणालो.

ती हसली. "काय मास्तर! कोंड्याले कोनी मोल मन्ते का? कोंडा देऊन घेतलेली पोर फुकाची, तिले मरन शिवत नाई. अन् घाबरता काहून? चावत नाई थे, दात कुठी हायेत तिले!"

आमच्या धर्मात असलं काही नाही, असं मी सांगू लागलो. खरं कारण वेगळंच होतं. आणखी एक पाळणा थांबलेला मला पाहवला नसता.

बायको आत गेली. परतली तेव्हा तिच्या हातात आमच्या मुलीची कुंची होती. तिची म्हणून तेवढीच आम्ही ठेवली होती.

"कोंडा नको," ती म्हणाली. "फुकाची म्हणून नाही घेणार मी हिला. आपल्याला सोडवायला देवाने स्वतःचा पुत्र दिला. माझ्याकडे एवढंच आहे."

राधाबाईने कुंची डोळ्यांना लावली. "आता हे माही झाली ना?"

"तुमचीच."

तिने वाकून ती त्या पोरीच्या डोक्याला बांधली. "मंग हे मावशीकडून भाचीले."

मी उंबऱ्यातच उभा होतो. आम्ही मोल म्हणून दिलेलं आमच्याच लेकराला देणगी होऊन परत आलं होतं. कृपा या शब्दावर मी वर्गात कितीदा बोललो होतो. ती भाजीच्या सुपातून येताना पहिल्यांदाच पाहिली.

पुढे कित्येक महिने राधाबाई टोपली पायरीवर ठेवून आधी पोरीला पाजायची, मग भाजी विकायला जायची. पावसाळ्यात पोरीला ताप भरला. मी गुडघे टेकले आणि एवढंच म्हणालो, ही तुझी आहे, आमच्याकडे सांभाळायला दिलीस, तुझी इच्छा. ताप उतरला. उतरला नसता तरी ते शब्द मी मागे घेतले नसते, असं मला वाटतं. लेकरू आपल्या मुठीत नसतं, ओंजळीत असतं, हे मला बायकोने आणि राधाबाईने शिकवलं.

बाप्तिस्म्यात तिचं नाव दुसरं ठेवलं, पण कोंडा दिला नसला तरी गल्ली तिला कोंडीच म्हणते. कुंची आता तिला होत नाही. ती पेटीत आहे, आणि कोंडी अंगणात खेळते आहे.