मल्टी कास्ट मेळावा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाप्पा! मधेच कोणी फिसकन हसलं की माझ्याच्यानं पुढे बोलवत नाही. एवढी वर्षं झाली, तरी अजून ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर उतरलो की मी तोंडावर रुमाल धरतो. लोकांना वाटतं, याला धुळीचा त्रास आहे. कसली धूळ अन् कसला त्रास!

तेव्हा मी चंद्रपूरला एका शिक्षणसंस्थेत नेटवर्कचं काम पाहायचो. बल्लारपूर, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली, सगळीकडे संस्थेची कंप्युटर केंद्रं. मोबाइल नुकतेच आले होते आणि रेंज गच्चीवर गेल्याशिवाय मिळायची नाही. पण आमची केंद्रं टेलिफोनच्या खास लाइननं एकमेकांना जोडलेली, प्रत्येक ठिकाणी माहितीला वाट दाखवणारा एकेक राउटर, आणि या सगळ्या राउटरांचा राजा मी! तारा संस्थेच्या, मिजास माझी.

एक दिवस सचिवसाहेबांनी बोलावलं. नागपूरचे एक प्राध्यापक बारावीनंतरच्या शिक्षणावर बोलायला चंद्रपूरला येणार होते. भाषण इथे, पण ते सगळ्या केंद्रांवर पडद्यावर दिसलं पाहिजे, अशी साहेबांची इच्छा.

"जमेल का मेश्राम?"

"मल्टीकास्ट करू साहेब," मी म्हणालो. असा म्हणालो, जसा डॉक्टर म्हणतो 'ऑपरेशन करू.'

आता हे मल्टीकास्ट काय ते पटकन सांगतो, तुमचा चहा थंड होऊ देत नाही. समजा ब्रह्मपुरी, आरमोरी आणि गडचिरोलीला एकच चित्र पाठवायचं. प्रत्येकाला वेगळं पाठवलं तर एकाच बारक्या लाइनीवरून त्याच चित्राच्या तीन प्रती जाणार. लाइन गुदमरणार. मल्टीकास्टमध्ये एकच प्रत निघते. जिथे रस्त्याला फाटा फुटतो, तिथला राउटर तिची नक्कल काढून दोन्हीकडे देतो. आणि देतो कोणाला? ज्यानं 'मला पाहिजे' असं आधी कळवलं त्यालाच. कळवणं म्हणजे ग्रुपमध्ये येणं. नको असेल तर ग्रुप सोडायचा. आहे की नाही झकास?

मी तर आणखी पुढे गेलो. म्हटलं, फक्त चंद्रपूरनंच का बोलावं? कोणत्याही केंद्रानं कॅमेऱ्यापुढे येऊन प्रश्न विचारावा आणि तो सगळ्यांना दिसावा. शिवाय ब्रह्मपुरीनं विचारलं तर आरमोरी-गडचिरोलीला ते तिथूनच परस्पर जावं, चंद्रपूरला वळसा कशाला? हीच हुशारी मला नडली. पण थांबा, आधी दुसरी हुशारी ऐका.

जाहिरातीचं पत्रक मीच लिहिलं. रशीदभाईंच्या छापखान्यात घेऊन गेलो. रशीदभाई सगळ्या चंद्रपूरच्या लग्नपत्रिका छापायचे. मी सांगितलं, "मल्टीकास्ट हा शब्द सगळ्यात मोठा पाहिजे. रस्त्यावरून दिसला पाहिजे."

"मोठ्या टायपात एका ओळीत नाई बसत साहब. दो लाइन में तोडू?"

"तोडा हो, पण मोठं ठेवा!"

तर पत्रक असं छापून आलं. वरच्या ओळीत 'भव्य मल्टी'. खालच्या ओळीत 'कास्ट मेळावा'. त्याखाली 'तरुण-तरुणींनी पालकांसह अवश्य यावे. योग्य निवडीबाबत तज्ज्ञांचे मार्गदर्शन. सोबत बायोडाटा व फोटो आणावा.' आणि चारही बाजूंनी वेलबुट्टी. ती रशीदभाईंनी प्रेमानं टाकली होती, फुकट.

तुम्ही आत्ता कपाळावर हात मारला ना? मी नाही मारला! मी ते पत्रक पाहून म्हणालो, "वा!" आणि सगळ्या केंद्रांना गठ्ठे पाठवून दिले. ज्या मुलखात कास्ट म्हटलं की माणूस सर्टिफिकेट काढायला तहसीलीत धावतो, तिथे मी हा शब्द तोडून भिंतीभिंतीवर लावला.

कार्यक्रमाच्या सकाळी ब्रह्मपुरीच्या केंद्रप्रमुख ज्योत्स्नाताईंचा फोन आला.

"सर, गंज गर्दी हाय! लोकं नवे कपडे घालून आले."

"पहिलाच कार्यक्रम आहे ताई. उत्साह असतो."

"पोरायपेक्षा मायबापच जास्त चौकशी करून राह्यले."

"पालक जागरूक झालेत. चांगलं लक्षण आहे!"

"पोरं एका बाजूनं, पोरी एका बाजूनं बसल्या, अन् एकमेकाइकडं पाहून राह्यल्या. अन् सर, लोकं विचारते का कांदेपोहे हायत का?"

"ठेवा ना! संस्थेच्या खर्चानं ठेवा!"

सांगा, यापेक्षा स्पष्ट देवानं तरी काय सांगावं?

प्राध्यापकांचं भाषण सुरू झालं. सचिवसाहेब पहिल्या रांगेत, मी बाजूला मशीनजवळ छाती काढून उभा. सगळीकडून फोन, चित्र येतंय, आवाज येतोय. सर बोलायलाही गोड.

"मुलांनो, ही निवड आयुष्याची असते. आईवडील म्हणतात म्हणून डोळे मिटून हो म्हणू नका. आधी स्वतःची आवड ओळखा."

ब्रह्मपुरीत म्हणे यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"एकाच ठिकाणी अडकू नका. दोन-तीन पर्याय हाताशी ठेवा."

टाळ्या थांबल्या.

"पहिल्या वर्षी जमलं नाही, तर दुसऱ्या वर्षी बदलता येतं. त्यात लाज कसली? माझ्या स्वतःच्या मुलीनं दोनदा बदललं!"

एवढ्यात आमच्या पडद्यावर ब्रह्मपुरीचा कॅमेरा उजळला. पांढरा सदरा घातलेले एक काका माइक हातात घेऊन उभे होते.

"ओ सर! काय शिकवून राह्यले तुमी पोरायले? दोन-तीन हाताशी ठेवा? दरसाल बदला? तुमची पोरगी काय करते ते तुमच्या घरी! आमी इथी सभ्य माणसं आलो हाओत."

प्राध्यापकांनी सचिवसाहेबांकडे पाहिलं. सचिवसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मेश्राम, हे गृहस्थ काय म्हणतायत?"

"आवाज... जरा तुटतोय साहेब."

कसला तुटतोय? टाचणी पडली असती तर ऐकू आली असती! काकांनी खिशातून पत्रक काढून कॅमेऱ्यापुढे धरलं. "इथी लिवलं हाय, मल्टी कास्ट मेळावा! सगळ्या जातीचे चांगले पोरं एका जागी भेटतीन म्हणून पोरीले घेऊन आलो. जीपमध्ये उभ्यानं आलो."

त्यांच्या मागे त्यांची मुलगी खाली मान घालून उभी होती. हातात प्लास्टिकच्या फायलीत फोटो, केसात अबोली. खरं सांगतो, तोवर मला नोकरीची भीती वाटत होती. त्या पोरीची खाली गेलेली मान पाहिली आणि मग जी लाज वाटली, ती वेगळीच. हॉलमध्ये तेवढे लोक नटूनथटून बसले होते आणि त्यांना बसवणारा मी होतो.

पण माझी परीक्षा अजून संपायची होती. काकांच्या हातातला माइक एका बाईनं घेतला. निळं लुगडं, कपाळ मोकळं, डोळ्याला जाड चष्मा. माझी आई!

हो, आम्ही ब्रह्मपुरीचेच. आईनं बसस्टँडवर पत्रक पाहिलं आणि तिला वाटलं, पोरगा दुसऱ्यांच्या पोरांसाठी मेळावे भरवतो, स्वतःचं मात्र नाव काढत नाही. म्हणून तीच आली. बायोडाटा, फोटो, सगळं घेऊन.

"थांबा भाऊ, रागवू नका," आई काकांना म्हणाली. "कोणाची चूक असन ते असन. आता आलोच हाओत तं रिकामं काऊन जावाचं? माझ्यापाशी एक पोरगा हाय."



आईनं फोटो कॅमेऱ्याला चिकटवला. दहावीतला! स्टुडिओतल्या पुठ्ठ्याच्या मोटरसायकलवर मी गॉगल लावून बसलेलो. सगळ्या केंद्रांच्या भिंतीवर एकदम मी, दरवाज्याएवढा.

"याच्यात केस हायत. आता कमी झाले. मी कोणाले फसवत नाई. पोरगा मनानं चांगला हाय. बारावीत एकडाव नापास झाला, मंग सुधरला. झोपेत बडबडते. आपले कपडे आपण धुत नाई, पण शिकन."

सचिवसाहेब दातओठ खाऊन म्हणाले, "बंद करा ते!"

मी झडप घालून ग्रुप सोडला. पडदा काळा. "झालं बंद, साहेब," मी घाम पुसला.

लगेच फोन वाजला. बल्लारपूर. "सर, आई झोपेतलं बोलून राह्यल्या ते खरं हाय काय?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ग्रुप मी सोडला होता, म्हणजे माझ्यापुरतं बंद! बाकीच्यांना राउटर इमानेइतबारे पुरवतच होते. मग मी चंद्रपूरच्या राउटरची वायरच उपटली. बल्लारपूर गेलं. चला, सुटलो!

परत फोन. आरमोरी. "सर, तुमी काय केलं? आता तं आवाज एकदम साफ येऊन राह्यला!"

येणारच! ब्रह्मपुरीहून परस्पर द्यायची सोय कोणी केली होती? चंद्रपूर बुडालं तरी आई चालू राहील, अशी पक्की बांधणी माझ्याच हातची. एवढं निर्दोष काम मी आयुष्यात पुन्हा केलं नाही.

ज्योत्स्नाताईंना फोन लावला. "ताई, कॅमेरा बंद करा!"

"असं कसं सर? मोठ्या बाई बोलून राह्यल्या, मधात कसं टोकू? अन् लोकायले लय आवडून राह्यलं."

मागून आईचा आवाज येत होता. "जातपात मले नाई पाह्यजे. पोरगी शिकलेली पाह्यजे अन् याले धाकात ठेवणारी. चंद्रपुरात मोठ्या हापिसात काम करते. काय काम करते ते मले समजत नाई. त्यालेई समजते का नाई, आता तुमीच पाहा!"

त्या हॉलमधला हशा मला फोनवरून ऐकू आला.

वायर पुन्हा लावली, ग्रुपमध्ये परत आलो. राउटर जागा व्हायला जो वेळ घेतो ना, तेवढ्या वेळात मी साहेबांच्या नजरेपुढे उभा होतो. मग साहेब म्हणाले, "आता तुम्हीच जा त्या कॅमेऱ्यापुढे."

गेलो. हात जोडले. शब्द कसा चुकला, पत्रक मीच कसं लिहिलं, सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्हाला एवढ्या लांबून यायला लावलं, माफ करा. पलीकडे ब्रह्मपुरीच्या काकांनी पत्रक घडी घालून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "जाऊ द्या. पोहे चांगले हायत."

आणि त्यांच्या मागून ती पोरगी पुढे आली. बापाच्या हातून माइक घेतला. "सर, मले बारावीत विज्ञान होतं. नर्सिंगले जाता येते काय?"

बाप तिच्याकडे पाहतच राहिला. प्राध्यापक मात्र खुलले. त्यांनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. मग गडचिरोलीहून एकानं विचारलं, मग आरमोरीहून दोघींनी. बायोडाटे होतेच सगळ्यांच्या हातात. कार्यक्रम ठरल्यापेक्षा कितीतरी लांबला आणि जाताना सचिवसाहेब माझ्याकडे न पाहता का होईना, पण "ठीक" म्हणाले.

मी खुर्चीत टेकलो. वाटलं, सुटलो एकदाचा. तेवढ्यात आरमोरीच्या केंद्रप्रमुखांचा फोन.

"सर, इथची एक पोरगी तुमच्यासाठी निरोप देऊन गेली. तिनं आईनं दाखवलेला फोटोई पाह्यला, अन् मंग तुमालेई पाह्यलं."

"बरं मग?"

"नाई म्हणते."

"अहो, पण मी कुठे मागणी घातली होती?"

"तसं म्या तिले सांगतलं सर. ते पोरगी म्हणे, मले माहीत हाय. तरी कळवून ठेवा."